हलतं ते सगळंच बोलतं असं नाही

मंडळी, बॅनर जाहिरात म्हटली की "जरा हलणारं काहीतरी करा ना!" ही फर्माईश ठरलेली. माझं म्हणणं नेमकं उलटं. जाहिरातीचा फॉरमॅट बनवणाऱ्याच्या हौसेवर ठरू नये, बघणाऱ्याच्या सोयीवर ठरावा. डेटा त्याचा खर्च होतो.

फ्लॅशचंच बघा. एके काळी चकाचक बॅनर म्हणजे फ्लॅशच. २००७ साली आयफोन आला, त्यावर ते चाललंच नाही. तरी लोक वर्षानुवर्षं तेच बनवत राहिले. जानेवारी २०१७ पासून गूगलने आपल्या डिस्प्ले नेटवर्कवर फ्लॅश बॅनर बंद केले आणि २०२० अखेर अ‍ॅडोबीने फ्लॅशचं दुकानच आवरलं. एवढी कलाकारी, आज ब्राउझरमध्ये उघडतसुद्धा नाही!

१९८७ सालचा जिफ मात्र अजून ठणठणीत. त्याला २५६ च रंग, फोटोवर ठिपके दिसतात, कबूल. पण मग फोटोला जेपेग आहे, अक्षरांना पीएनजी आहे. (जेपेग फार दाबला की अक्षरांच्या कडा फिसकटतात, आपले रफार-वेलांट्या तर आधी.)

आता म्हणे सगळं एचटीएमएल५ मध्येच हवं. चांगलंच आहे ते, पण "साड्यांवर २० टक्के सूट" एवढंच सांगायला कशाला? हलण्याने काही जास्त कळणार असेल तरच हलवा.

असो. माणूस बातमी वाचायला आलेला असतो, नाच बघायला नव्हे.