नाही म्हणा, पण म्हणा तरी

'शेतकर्यांना मदत', 'वारकर्यांची गर्दी'. असलं मराठी मोबाइलवर रोज दिसतं. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही, असं म्हणून आपण पुढे सरकतो. पण पुष्कळदा लिहिणाऱ्यानं नीटच लिहिलेलं असतं, मधल्या सॉफ्टवेअरनं ते बिघडवलेलं असतं.

युनिकोडच्या हिशेबात 'ऱ' म्हणजे 'र' आणि खाली नुक्ता. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं बरंच कोड शोध सोपा व्हावा म्हणून नुक्ते काढून टाकतं. 'ज़मीन'ची 'जमीन' झाली तरी हिंदीवाल्याचं काही अडत नाही. मराठीत मात्र आचाऱ्यांचे आचार्य होतात. करकंबात बाजार आमटीच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका मित्राला मी छोटं ॲप करून दिलं होतं, त्यात 'आचार्यांची मजुरी' असं छापून यायला लागलं. मित्राला आठवडाभर हसू आवरेना. मूळ शोधत गेलो तर ते निघालं स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका ओपन सोर्स लायब्ररीत.

'र'खालचा नुक्ता तेवढा सोडायचा, बाकी सगळं तसंच. पाच ओळींचा बदल. सोबत टेस्ट लिहिल्या, मराठी न येणाऱ्यालाही कळेल असा खुलासा जोडला आणि पाठवला. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर 'योगदानाचे स्वागत आहे' असं लिहिलेलं होतं. साठ दिवसांनी बॉटचा निरोप आला: हालचाल नाही. आणखी सात दिवसांनी त्यानंच प्रस्ताव बंद केला. माणूस एकही फिरकला नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'फोर्क कर.' केला की. मित्राचं ॲप आता बरोबर छापतं. पण मूळ लायब्ररी वापरणाऱ्या बाकीच्या सगळ्यांकडे शेतकऱ्याचा 'शेतकर्या' होतच राहणार. मला माझं ॲप दुरुस्त करायचं नव्हतं, मराठी दुरुस्त करायची होती.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: ही माणसं फुकट राबतात, ती तुझं काही देणं लागत नाहीत. खरं आहे. आणि त्यांना बेजार करण्यात आपणही मागे नाही. २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला, त्यात आपले विद्यार्थी कमी नव्हते. आयोजकांना मधेच नियम बदलावे लागले. एक्सझेडचं प्रकरण तर भीतीदायकच. लासे कॉलिन एकट्यानं ते सांभाळत होता. 'पॅच पडून राहतात' अशी कुरकुर काही खात्यांनी लावून धरली आणि 'जिया तान' नावाच्या कुणाला तरी अधिकार मिळाले. मार्च २०२४मध्ये त्यातला चोरदरवाजा सापडला, तोही आंद्रेस फ्रॉइंडला लॉगिन अर्ध्या सेकंदानं मंद वाटलं म्हणून. म्हणजे माझ्यासारख्याच्या तक्रारीचंही हत्यार होऊ शकतं. मेंटेनरनं अनोळखी माणसावर विश्वास का ठेवावा?

नकोच ठेवायला. मर्ज करा असा माझा हट्टच नाही. पण अविश्वास एका ओळीत सांगता येतो. 'मला मराठी कळत नाही, आणखी दोन मराठी माणसांचा शेरा आण', एवढं म्हटलं असतं तर मी दोन सोडा, वीस आणले असते. इंग्रजीतली चूक हजारजण पाहतात, कुणीतरी ओरडतंच. मराठीतली चूक दाखवायला एखादाच येतो, आणि त्याला उत्तर मिळालं नाही तर तो पुन्हा येत नाही. गप्प राहण्याची किंमत सगळ्या भाषांना सारखी पडत नाही. बॉट बसवायला वेळ मिळतो, याचा अर्थ दार कसं लावायचं याचा विचार कुणीतरी केलेला असतो.

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये एस्क्यूलाइट आहे. तिचे कर्ते उघड सांगतात: कोड सगळ्यांना खुला, बाहेरचं योगदान घेत नाही. मला त्याचा राग येत नाही. तिथं कुणी दोन रात्री जागून पाच ओळी लिहीत बसत नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी स्वागताची पाटी काढावी आणि तसं लिहावं. बॉटचा मजकूर बदलायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्याला लागणार नाही.