फॅमिली डॉक्टर घडवायचा असेल तर…

इंटर्नशिप संपत आली की तरुण डॉक्टरांमध्ये एकच चर्चा असते : रेडिऑलॉजी मिळेल की मेडिसिन? अशा वेळी एखादीने ‘मी फॅमिली मेडिसिन घेणार’ म्हटले, की ‘रँक खाली गेली का?’ हा टोमणा ठरलेला.

या कामाला काय लागते ते पाहा. सत्तरीच्या आजींना मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी आहे. तीन डॉक्टर, तीन फायली. गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. मग रक्तदाबाची आणखी एक गोळी सुरू होते. सगळ्या गोळ्या एकत्र पाहून मूळ कारण शोधणारा डॉक्टर इथे हवा. कोणावर घरीच उपचार करायचे आणि कोणाला आजच रुग्णालयात पाठवायचे, हे ओळखणे ही मोठी विद्या आहे.

ती शिकवणारा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम आपल्याकडे आहे. २००२ आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांनीही या शाखेची गरज मांडली. तरीही बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभागच नाही. विद्यार्थ्यांनी या शाखेचा शिक्षक पाहिलेलाच नसेल, तर ती निवडावी कशी?

सरकारी महाविद्यालयांत हा विभाग सुरू व्हावा, पदे मंजूर व्हावीत. आणि मुलीने ही वाट धरली, तर पालकांनी हळहळू नये. आपला फॅमिली डॉक्टर कुठे गेला, असे विचारणाऱ्या समाजाला तिचीच गरज आहे.