घरघर आकाशवाणीची नव्हे

संपादक महोदय,


'मध्यम लहरींवर आता घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही, तेव्हा ते ट्रान्समीटर बंद करावेत' असे मत आपल्या अंकात वाचले. घरघर आहे हे खरे. पण त्यावरून ट्रान्समीटर बंद करण्यापर्यंत उडी मारणे मला अजिबात मान्य नाही. ही घरघर आकाशवाणी पाठवत नाही. बहुतेक वेळा ती ऐकणाऱ्याच्या घरात, शेजाऱ्याच्या घरात किंवा रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर तयार होते, आणि ती नेमकी कुठून येते हे शोधता येते.

आमच्या सिंधुदुर्गात रात्री मुंबईचे ५५८, पुण्याचे ७९२ आणि धारवाडचे ७६५ किलोहर्ट्झ लागते. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. इतक्या लांबून आलेला संकेत क्षीणच असणार. जवळच्या स्टेशनखाली जी घरघर दबून जाते, तीच दूरच्या स्टेशनला झाकून टाकते. म्हणून दोष लांबच्या स्टेशनाच्या माथी मारला जातो. खात्री करायची असेल तर रात्री गावाची वीज गेल्यावर सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर लावून पाहावा. ज्या स्टेशनावर संध्याकाळी एक शब्द कळत नव्हता, तिथल्या बातम्या स्वच्छ ऐकू येतात. अर्थात शेजारी कुणाचा स्वस्तातला इन्व्हर्टर सुरू झाला नसेल तर.

सगळी घरघर एकाच जातीची नसते, आणि इथेच लोकांची फसगत होते. काटा कुठेही फिरवला तरी सारखीच गुरगुर ऐकू येत असेल, तर बहुधा विजेची ठिणगी किंवा गोल बटण फिरवून वेग कमी-जास्त करायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कारण असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात दोनदा धक्का बसतो, म्हणून आवाज १०० हर्ट्झचा. ठरावीक अंतराने घरघरीचे पट्टे येत असतील, म्हणजे ६०० जवळ एक, ६६० जवळ दुसरा, ७२० जवळ तिसरा, तर एखादा चार्जर किंवा एलईडी दिव्याच्या आतले सर्किट साठ किलोहर्ट्झच्या आसपास उघडझाप करते आहे आणि त्याच्या पटी सगळ्या पट्ट्यावर सांडत आहेत असे समजावे.

सर्वांत फसवी घरघर तिसरी. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत काहीच आवाज नाही, पण काटा स्टेशनावर आला की शब्दांच्या मागे गुणगुण सुरू होते. ऐकणाऱ्याला वाटते, स्टेशनच खराब आहे. प्रत्यक्षात घरातले वायरिंग लांबलचक एरियलसारखे त्या स्टेशनाच्या लहरी पकडते. त्या लहरी रेडिओ विजेवर चालवणाऱ्या एलिमिनेटरमधल्या डायोडपर्यंत पोहोचतात. डायोड विजेच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर उघडतो-मिटतो, त्याबरोबर त्या लहरीही तुटत जातात आणि गुणगुण घेऊन वायरिंगमधून परत बाहेर पडतात. रेडिओ मूळ लहर आणि ही बिघडलेली लहर दोन्ही एकत्र ऐकतो. जिथे स्टेशन नाही तिथे बिघडवायलाच काही नसते, म्हणून तिथे शांतता. जुन्या रेडिओ मेकॅनिकला हा प्रकार ठाऊक असे. तो प्रत्येक डायोडवर पुरेशा व्होल्टेजचा ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकून देई आणि गुणगुण थांबे. आजही हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण आतला वीजप्रवाह जिवावर बेतणारा असतो.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. रात्री एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लांबची स्टेशने एकदम येतात आणि त्यांच्यात काही हर्ट्झचा फरक असला की डोलणारी, चढ-उतार होणारी गुरगुर ऐकू येते. तिचा आपल्या विजेशी संबंध नाही. रेडिओ हळूहळू फिरवून एक स्टेशन मंद करणे एवढाच तिच्यावर इलाज.

शोध घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. सेलवरचा रेडिओ घ्यावा आणि घराचा मेन स्विच बंद करावा. आवाज गेला तर कारण घरातच आहे. मग एकेक सर्किट सुरू करत जावे. मोबाइल काढला तरी चार्जर बोर्डात असेपर्यंत सुरूच असतो, हे लक्षात ठेवावे. आवाज राहिला तर रेडिओ घेऊन बाहेर पडावे. ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची कांडी असते. तिचे टोक आवाजाच्या उगमाकडे वळले की घरघर एकदम मंदावते. दोन ठिकाणांहून अशी दिशा घेतली तर दोन रेषा जिथे छेदतात तिथे दोषी खांब किंवा घर सापडते. कोकणात समुद्रावरून आलेले मीठ चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसते, त्यावर दव पडले की गळती सुरू होऊन घरघर वाढते. सैल तारेच्या ठिणगीचे याच्या उलट असते: ती कोरड्या हवेत जास्त वाजते आणि मुसळधार पावसात गप्प होते. म्हणून घरघर कोणत्या हवेत वाढते याची नोंद ठेवावी. खांबाला हात लावू नये, तो ठोकूनही पाहू नये. खांबाचा नंबर लिहून घेऊन वीज कंपनीकडे तक्रार करावी. अशी ठिणगी ही केवळ रेडिओची अडचण नाही, तिथे बिघाड वाढतो आहे याची ती सूचना असते. वीज कंपन्यांनी श्रोत्याच्या तक्रारीकडे फुकट मिळालेली तपासणी म्हणून पाहिले पाहिजे.

पण सगळे ओझे श्रोत्यानेच का उचलावे? जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. विजेची बचत झाली, ती मोलाची आहे आणि मी दिव्यांच्या विरोधात नाही. रेडिओला होणाऱ्या उपद्रवाच्या मर्यादा ठरवणारी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करते आहे, आणि दिव्यांसाठी तिचे वेगळे मानक आहे. चांगल्या दिव्यात घरघर अडवणारी छोटी कॉइल आणि कपॅसिटर असतात. स्वस्त मालात खर्च वाचवण्यासाठी नेमके तेच गाळले जातात. भारतीय मानक ब्यूरोने बाजारातले दिवे आणि चार्जर उचलून त्यांच्या या उपद्रवाची चाचणी नियमित करावी आणि निकाल कंपनीच्या नावासह जाहीर करावेत.

'त्यापेक्षा डिजिटल करा' म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो: आकाशवाणीचे डीआरएम हे डिजिटल प्रसारण याच मध्यम लहरींवरून येते, मग घरघर त्याला सोडेल का? ॲनालॉग कार्यक्रम घरघरीतूनही कान देऊन ऐकता येतो. डिजिटल कार्यक्रम एका मर्यादेनंतर तुटतो आणि थेट बंदच पडतो. एफएम सह्याद्रीच्या डोंगरांपलीकडे नीट पोहोचत नाही आणि समुद्रातही फार लांब जात नाही. खाऱ्या पाण्यावरून मध्यम लहरी मात्र लांबवर जातात, आणि होडीवरच्या माणसाला हवामानाची सूचना त्यांच्याच भरवशावर मिळू शकते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणताही मध्यम लहरी ट्रान्समीटर 'ऐकू येत नाही' या कारणावरून बंद करण्याआधी आकाशवाणीने दूरसंचार खात्याच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेकडून त्याच्या क्षेत्रातल्या गावांत रात्रीचा घरघरीचा स्तर मोजून घ्यावा, वीज चालू असताना एकदा आणि वीज नसताना एकदा, आणि दोन्ही आकडे लोकांसमोर ठेवावेत.

आपला,
एक नियमित श्रोता, जि. सिंधुदुर्ग