विस्मृतीचा आजार आणि मातृभाषेचा हक्क

गाझियाबाद हे नाव देशातील कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली परिसरातील कामगारांनी सात दिवसांचा संप केला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ जानेवारी १९८९ रोजी, गाझियाबाद जिल्ह्यातील साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत पथनाट्य सुरू असताना सफदर हाश्मी यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्या संपात उतरलेला तिशीतला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच जिल्ह्यात आता इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा अशा वसाहतींत उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथील कित्येक घरांत स्मृती हरवलेल्या वृद्धांना भरवण्याचे, न्हाऊ घालण्याचे आणि रात्र-रात्र जागून सांभाळण्याचे काम झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून आलेल्या आदिवासी स्त्रिया करीत आहेत. त्यांच्या स्वतःच्या गावी त्यांच्या म्हाताऱ्या आईला कोण सांभाळते, हा प्रश्न मात्र राज्यकर्त्यांच्या खिजगणतीतही नाही.

'साठी बुद्धी नाठी' म्हणून किंवा 'म्हातारचळ' म्हणून ज्याची बोळवण केली जाते, तो स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ भाग नसून मेंदूचा विकार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या विकाराने ग्रस्त आहेत. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आहे. तेव्हा हा सुखवस्तू घरांचा आजार आहे, ही समजूत निराधार ठरते. ज्यांना शाळा नाकारली गेली आणि ज्यांच्या रक्तदाबाची वा मधुमेहाची तपासणी कधी झालीच नाही, त्यांच्यावरच त्याचा घाला अधिक पडतो.

परंतु रोगाचे निदान व्हायचे कोणत्या भाषेत? १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर रूढ झालेली स्मृतिचाचणी रुग्णाला तारीख विचारते, वाक्य वाचायला आणि लिहायला सांगते. निरक्षर शेतमजूर स्त्री या चाचणीत नापास होते ती रोगामुळे की शाळेअभावी, हे कळण्यास मार्ग नसतो. गाझियाबादपासून जवळच, हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांना हीच अडचण आली आणि १९९० च्या दशकात त्यांनी अक्षरओळखीची गरज नसलेली हिंदी चाचणी तयार केली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने इंग्रजीबरोबर हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत चाचणीसंच सिद्ध केला. हे काम स्वागतार्हच आहे. पण त्या पाच भाषांत मराठी नव्हती. संथाळी, गोंडी, मुंडारी, कुरुख यांचे तर नावही नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार या देशात अनुसूचित जमातींचे १० कोटींहून अधिक लोक आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

भाषेचा प्रश्न निदानापाशी संपत नाही. या विकारात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि बालपणीची भाषा दीर्घकाळ टिकते. आयुष्यभर मालकाशी हिंदीत बोललेली उराव वृद्धा अखेरीस कुरुख भाषेतच पाणी मागते. ते ज्याला समजत नाही, त्याच्या लेखी ती केवळ बडबड ठरते.

हे बदलता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशात संशोधकांनी तेथील आदिवासी समाजांशी विचारविनिमय करून, फणी, काड्यापेटी अशा नित्याच्या वस्तूंच्या आधारे चाचणी तयार केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४५ वर्षांवरील आदिवासींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १२.४ टक्के, म्हणजे त्या देशाच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या पाचपटींहून अधिक आढळले. योग्य भाषेत विचारल्यावरच हे दुःख मोजले गेले.

संस्कृतीचा आदर म्हणजे अंधश्रद्धेची पाठराखण नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. झारखंडपासून नंदुरबारपर्यंत एकाकी वृद्ध स्त्रियांवर डाकीण म्हणून शिक्का मारून त्यांचा छळ होत आला आहे. अशा भागात जिचे वागणे बदलले त्या वृद्धेला आजारी मानले जाते की अपराधी, यावर तिचा जीव अवलंबून राहू शकतो. झारखंडचा २००१ चा आणि महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा आवश्यकच आहे. पण पाड्यावरच्या भाषेत रोग समजावून सांगणारा आरोग्यसेवक नसेल, तर कायदा कागदावरच राहील.

सरकार 'कुटुंबव्यवस्थे'चे गोडवे गाऊन जबाबदारी झटकते, आणि ते ओझे स्त्रीच्या पाठीवर पडते: खेड्यात बिनमोल श्रमाच्या रूपाने, शहरात कवडीमोल श्रमाच्या रूपाने. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला; भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. केंद्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दरमहा अवघा २०० रुपये आहे. अनुसूचित जमातींची यादी राज्यनिहाय असल्यामुळे राज्याची हद्द ओलांडताच स्थलांतरित आदिवासी स्त्रीचा सवलतींचा हक्कही मागे पडतो. इतरांच्या आईवडिलांची शुश्रूषा करून ती म्हातारी होईल, तेव्हा तिच्या वाट्याला काय येणार?

म्हणून आदिवासी भाषांत स्मृतिचाचण्या तयार करा, जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी दुभाषे नेमा, आशा सेविकांना या कामाचे प्रशिक्षण आणि त्याचे वेतनही द्या, घरकामगारांसाठी केंद्रीय कायदा करा, जगण्यापुरते निवृत्तिवेतन द्या, या मागण्या जनसंघटनांनी उचलल्या पाहिजेत. दिल्ली-गाझियाबादेतील घरकामगारांची संघटना आणि पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतील आदिवासींचा लढा हे वेगवेगळे प्रश्न नाहीत. पाड्यावरून निघालेली मुलगी आणि पाड्यावर मागे राहिलेली तिची आई एकाच शोषणाच्या दोन टोकांना उभ्या आहेत. ती दोन्ही टोके जोडणे हे पक्षशाखांचे आजचे काम आहे.