कुलपांचा तुटवडा

कुलूप म्हटले की प्रथम चोर आठवतो. संगणकाच्या जगात मात्र एक कुलूप असे आहे, की जे दोन सज्जन माणसांचा एकमेकांस धक्का लागू नये म्हणून घातले जाते. आमच्या वाचक-कुटुंबांतील कितीतरी मुलगे व मुली आज संगणकाच्या कचेऱ्यांत रात्रपाळ्या करीत आहेत. ‘सर्व्हर अडला आहे, थोडे थांबा’ हे उत्तर ऐकून पतपेढीच्या खिडकीपाशी तिष्ठत राहण्याचा प्रसंग तर वडीलधाऱ्यांवरही येतो. म्हणून या खेपेस त्या कुलपाविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

समजा, एका खात्यात हजार रुपये आहेत. एका खिडकीवर वडील आठशे रुपये काढीत आहेत आणि त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर मुलगा आठशे मागत आहे. दोन्ही कारकुनांनी शिल्लक हजार अशीच वाचली, तर सोळाशे रुपये दिले जातील व हिशेब बुडेल. तसे होऊ नये म्हणून डेटाबेस चालविणारा सर्व्हर त्या खात्याच्या ओळीवर ‘लॉक’, म्हणजे कुलूप, घालतो. पहिला व्यवहार पुरा होईपर्यंत दुसऱ्याने थांबावयाचे. कुलूप एका ओळीवर घालावे की साऱ्या तक्त्यावर, याचा मूलगामी विचार आय.बी.एम. कंपनीतील जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडला. पुढे १९९८ साली ग्रे यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. लहान कुलपे घातली तर इतरांची अडवणूक कमी, परंतु कुलपांची संख्या फार. एकच मोठे कुलूप घातले तर ते स्वस्त, पण सारेच खोळंबतात. ही ओढाताण आजही सुटलेली नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे उदाहरण घेऊ. तेथे प्रत्येक कुलपास मेमरीतील ९६ बाइट लागतात. एक कुलूप म्हणजे काहीच नाही. पण दहा लाख कुलपांस सुमारे ९२ मेगाबाइट जागा लागते. म्हणून एका आज्ञेने एकाच तक्त्यावर ५,००० कुलपे घातली, की सर्व्हर ती सारी काढून साऱ्या तक्त्यास एकच मोठे कुलूप घालू पाहतो. दुसऱ्या कोणाचे काम आड आल्यास ते जमत नाही. मग लहान कुलपे वाढतच राहतात, आणि दर १,२५० नव्या कुलपांमागे सर्व्हर पुन्हा प्रयत्न करून पाहतो. शेवटी मेमरीच उरली नाही, की १२०४ क्रमांकाची चूक पडद्यावर उमटते. तिचा आशय असा, की कुलपासाठी जागा मिळत नाही. गर्दी कमी असताना आज्ञा पुन्हा द्या. आणि मेमरीची मांडणी व लांबलेले व्यवहार तपासून घ्या.

दोघे एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसल्याची चूक १२०५ या क्रमांकाची, आणि वाट पाहण्याची मुदत संपल्याची १२२२ची. त्यांचे उपाय निराळे असल्यामुळे क्रमांक आधी नीट वाचावा.

१२०४ दिसताच कोणी म्हणतो, मेमरी विकत आणा. कोणी म्हणतो, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. सर्व्हर बंद केल्याने अर्धवट राहिलेले काम पुन्हा चालू होताना उलटवावेच लागते, आणि मूळ कारण तसेच राहते. प्रथम पाहावे ते हे, की इतकी कुलपे कोणी धरून ठेवली आहेत. ‘सिस डॉट डीएम ट्रॅन लॉक्स’ या अंतर्गत यादीत कोणत्या जोडणीकडे किती कुलपे आहेत, ते मोजता येते. ‘डीबीसीसी ओपनट्रॅन’ या आज्ञेने सर्वांत जुना अपुरा व्यवहार सापडतो. बहुधा एखादाच धनी निघतो: दहा वर्षांच्या जुन्या नोंदी एका दमात पुसावयास निघालेले काम, किंवा उघडून तसाच सोडून दिलेला व्यवहार.

नंतर मांडणी पाहावी. ‘लॉक्स’ या सेटिंगमध्ये कोणी ठराविक आकडा घातला असेल, तर तो पुन्हा शून्य करावा व सोयीच्या वेळी सर्व्हर नव्याने चालू करावा; शून्य असता सर्व्हर गरजेप्रमाणे कुलपांची जागा वाढवितो. मोठ्या कुलपाचा त्रास नको म्हणून कोणी १२११ क्रमांकाचा ट्रेस फ्लॅग लावलेला असतो. त्यामुळे मोठे कुलूप कधीच पडत नाही आणि लहान कुलपे मेमरी खाऊन टाकतात. त्यापेक्षा १२२४ बरा, कारण मेमरीची ओढ लागली की तो मोठ्या कुलपास वाट देतो.

खरा इलाज मात्र कामाच्या रीतीत आहे. लाख नोंदी पुसावयाच्या असतील तर हजार-दोन हजारांच्या हप्त्यांनी पुसाव्या, आणि प्रत्येक हप्त्यानंतर व्यवहार पक्का करून कुलपे सोडावी. तक्त्यास योग्य इंडेक्स असावा. नाहीतर एक ओळ शोधण्यासाठी सारा तक्ता चाळावा लागतो. व्यवहार उघडा ठेवून माणसाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. मात्र एक पथ्य पाळावे: एका खात्यातून वजा व दुसऱ्यात जमा ही जोडी कधीही दोन हप्त्यांत तोडू नये. तेथे कुलूप सोडण्याची घाई म्हणजे कोणाचा तरी पैसा बुडविणे होय.

या सर्वांस सुमार केल्यावरही तुटवडा पडत असेल, तर मेमरी जरूर वाढवावी. पण बेसुमार धरून ठेवणारा तसाच राहिला, तर तो वाढविलेली मेमरीही खाऊन टाकील. जे लागेल तेवढेच धरावे आणि काम होताच सोडावे, हा सार्वजनिक विहिरीवरचा जुना नियम येथेही चालतो. रात्रपाळीतील आमच्या तरुण वाचकांनी तो ध्यानी धरावा. सकाळी खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या म्हातारीचा तास वाचेल.