कर्ज बुडाले तरी माणूस बुडू नये

आपल्या घरांत कर्जाविषयी बोलायचे ते दार लावून. धंदा बसला की माणूस फोन उचलायचा थांबतो, एखादा गावच सोडतो. कायद्यात यातून बाहेर पडायची काही वाट आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

वाट आहे, पण अर्धवट. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. १ डिसेंबर २०१९पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. भावाच्या प्रायव्हेट लिमिटेडसाठी बँकेत जामीन राहिलेले आपणही त्यात आलो. अर्ज मंजूर झाल्यावर वसुलीच्या दाव्यांना तात्पुरती स्थगिती मिळते. पुढचे काम परवानाधारक ‘इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल’ पाहतो. तो कर्जाचा हिशेब तपासतो, न्यायाधिकरणाला अहवाल देतो, परतफेडीची योजना धनकोंपुढे ठेवतो. तो बँकेचा वकील नसतो आणि कर्जदाराचाही नसतो.

ज्याचे वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या, मालमत्ता २० हजारांच्या आणि कर्ज ३५ हजारांच्या आत आहे, अशा बेघर गरिबाला कर्जमुक्त करणारी ‘फ्रेश स्टार्ट’ची तरतूद मात्र कागदावरच आहे. मुंबईतल्या भाजीवाल्यासाठी अजूनही १९०९चा इंग्रजी अमदानीतला कायदा!

हा परवाना मिळतो कसा? सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील असाल तर दहा वर्षांचा अनुभव लागतो. माझ्यासारख्या इंजिनिअरला पदवीनंतर व्यवस्थापनाचा पंधरा वर्षांचा अनुभव हवा; मला अजून थांबावे लागेल. त्याशिवाय भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची परीक्षा, व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व, नोंदणीपूर्व प्रशिक्षण आणि मग मंडळाकडे नोंदणी. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात.

आज बी.कॉम. वा एलएल.बी. करणाऱ्या मुलामुलींनी ही वाट आतापासून डोळ्यांसमोर ठेवावी. इंजिनिअर-डॉक्टरच्या रांगेत आपण पुष्कळ उभे राहिलो. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेलाही आहे. म्हणजे कर्जबाजारी माणसाला सावरणे ही समाजाची जबाबदारी, हे आपल्याला नवे नाही. त्या जबाबदारीला आता कायद्याचे ज्ञान जोडायला हवे.

तोवर दोन गोष्टी करता येतील. नात्याखातर हमीपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचू या. आणि गरिबांसाठीचा तो रखडलेला भाग लागू करा, अशी मागणी आपापल्या खासदारांकडे लावून धरू या.