विज्ञानाचा तास दिवाळीनंतर कुठे जातो?

७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं. त्या दिवशी आम्ही सगळे स्टेटस ठेवतो, वह्या-पेन वाटतो, भाषणं ठोकतो. नेमक्या त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूर-सांगलीकडे निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो. आईबापांबरोबर पोरंही जातात. पटावर नाव राहतं, वर्गात मूल नसतं.

यात सर्वांत जास्त मार बसतो तो सहावी ते आठवीच्या पोरांना. याच वयात मुलाच्या हाताला कोयता पेलायला लागतो. मुलीला कोपीवर धाकटी भावंडं सांभाळायला ठेवतात. याच इयत्तांत विज्ञान खऱ्या अर्थाने सुरू होतं. चार-पाच महिन्यांनी मूल परत येतं तेव्हा परीक्षा तोंडावर असते आणि पुस्तक पुढे निघून गेलेलं असतं. मग ते स्वतःच म्हणतं, ‘विज्ञान आपल्याला जमत नाही.’ पुढे जाऊन आमच्याच पोरांना ‘गुणवत्ता’ शिकवणारे या पाच महिन्यांचा हिशोब कधी मांडत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याची हमीही चौदाव्या वर्षी संपते. 

आमच्यातलाच एक कार्यकर्ता मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने एक साधी गोष्ट केली. धडे पुस्तकाच्या क्रमाने न घेता ऋतूच्या क्रमाने घेतले. पावसाळ्यात पोरांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून पर्जन्यमापक केले आणि रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये फळ्यावर लिहिला. नागपंचमीच्या आठवड्यात सापाचा धडा घेतला. साप दूध पीत नाही, आणि चावला तर मांत्रिकाकडे नाही, सरकारी दवाखान्यात जायचं. हे पाठ झालेलं पोर उद्या घरातल्या कुणाचा तरी जीव वाचवेल. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या ५१क मधलं मूलभूत कर्तव्य आहे. ते वस्तीत उतरतं ते असं.

पण खरा प्रश्न हिवाळ्याचा होता. अर्धा वर्ग फडावर. सरांनी जाणाऱ्या प्रत्येक पोराला एक वही आणि एक मीटर दोरी दिली. सांगितलं, ‘२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास दोरीएवढा ऊस सरळ उभा धरायचा. सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मोजायची आणि बापाच्या फोनवरून मला कळवायची.’ गावातल्या पोरांनी शाळेच्या मैदानात काठी रोवली. तिची सावली साधारण ९१ सेंटीमीटर भरली. कोल्हापूरकडून फोन आला, ८४. गावातली पोरं म्हणाली, त्याने चुकीचं मोजलं. सर म्हणाले, ‘दोघांचंही बरोबर आहे. का, ते सांगा.’

दोन्ही ठिकाणांत उत्तर-दक्षिण अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पृथ्वी सपाट असती तर सावली सारखीच पडली असती. ती गोल आहे म्हणून सात सेंटीमीटरचा फरक पडला. हा प्रयोग एकट्या गावातल्या वर्गाला करताच आला नसता. त्यासाठी फडावरचं पोर लागलं. ज्याच्या नावापुढे हजेरीत गैरहजर लिहिलं जातं, तेच त्या दिवशी वर्गाला शिकवत होतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. मूल विज्ञान सोडून जात नाही, शाळेचं वेळापत्रक मुलाला सोडून देतं. ऊस गोड का होतो, कोयत्याची धार पाचरीसारखं काम कशी करते, माठातलं पाणी झिरपून थंड का होतं, हे सगळं त्या पोराच्या हाताखालचं विज्ञान आहे. आणि विज्ञानाच्या तासाला हात लावणं फार महत्त्वाचं. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपाई नसेल तर पाणी नव्हतं. आज प्रयोगाचं साहित्य कपाटात कुलूप लावून ठेवणारी शाळा पाहिली की आम्हाला तोच नळ आठवतो. जात विचारून अडवलं जात नसेलही, पण कपाट ज्यांच्यासाठी उघडत नाही ती पोरं कोणाची असतात ते आम्हाला माहीत आहे.

यावर कुणी म्हणेल, सर्वेक्षणं आणि निवडणुकीच्या कामांत पिचलेल्या शिक्षकावर आणखी किती टाकायचं? मुद्दा रास्त आहे. एका शिक्षकाच्या तळमळीवर व्यवस्था चालत नाही, चालूही नये. हंगामी वसतिगृह हे सरकारचं काम आहे. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसवणं हेही सरकारचंच काम आहे. योजना कागदावर आहेत. त्या जमिनीवर आहेत का, हे विचारणं आमचं काम आहे.

म्हणून मित्रांनो, यंदा दोन गोष्टी करू. ऑक्टोबरमध्येच आपापल्या गावातल्या शाळेत जाऊन किती मुलं जाणार, किती जणांना हमी कार्ड मिळालं, वसतिगृह कधी सुरू होणार, हे लेखी मागू. आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम कारखान्याजवळच्या कोप्यांवर घेऊ. तेव्हाही सूर्य जवळपास तिथेच असतो. भाषण दहा मिनिटं, बाकी वेळ पोरांबरोबर सावली मोजायची. ज्या ग्रंथाने आमच्या बापजाद्यांना ज्ञानापासून तोडलं, त्याच्या दहनाच्या दिवशी आमची पोरं पृथ्वीचा आकार स्वतः मोजतील. यापेक्षा चांगलं अभिवादन आम्हाला सुचत नाही.

जय भीम!